नावाऐवजी नंबर

मी लिहायला बसलो, याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे तहसीलच्या दारात बसून अर्ज लिहिणं, एवढंच आम्हाला माहीत. ज्या कामाबद्दल मी सांगणार आहे त्याचा अहवाल आमच्या मॅडमनी लिहिला आहे आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी नीट आहे. पण त्यात एका मुलाची गोष्ट बसत नव्हती. बसायला नकोच होती, असं मॅडम म्हणाल्या, आणि ते मला पटलं. तरी ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून जमेल तशी लिहितो. कोणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही.

मी गोंदियाला समाजकार्य शिकतो. आमच्या मॅडम नशेबद्दलच्या एका प्रश्नावलीवर काम करत होत्या. प्रश्न थोडेच. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने ते विचारायचे, उत्तरांचे गुण जोडायचे, आणि बेरीज जास्त आली तर त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. प्रश्न बाहेरून आलेले, मराठीत आणलेले. आमच्या जिल्ह्यात त्यांची बेरीज खरी बोलते की नाही, हे आधी तपासायचं होतं. त्यासाठी एकाच माणसाला दोन आठवड्यांच्या अंतराने तेच प्रश्न दोनदा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं.

मला हे लगेच समजलं, कारण धान खरेदी केंद्रावर बाबांसोबत मी उभा राहिलो आहे. तिथे ओलावा मोजायची मशीन असते. एकाच पोत्यातलं धान दोनदा टाकलं आणि दोनदा वेगळा आकडा आला की भांडण सुरू होतं. शेतकरी म्हणतो मशीन खराब, केंद्रावरचा माणूस म्हणतो धान ओलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हेच. आपण मशीन तपासायला चाललोय, धान नाही. हे विसरू नकोस."

मी विसरलो नाही. पण ते वाटलं तेवढं सोपं नव्हतं.

पहिल्या फेरीतच प्रश्न अडखळू लागले. "नशेमुळे कामाला जाणं चुकलं का?" असं मी राइस मिलमध्ये हंगामी काम करणाऱ्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "सहा महिने मिलच बंद रायते जी. कामच नाही तं चुकते कुठून?" त्याला शून्य गुण. सालेकसाकडच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, एका म्हातारबाबांना विचारलं की तुमच्या पिण्याबद्दल घरचे कधी बोलले का. ते म्हणाले, "बोलतेत ना. पूजेले मोहाची दारू काढून ठेवा म्हणतेत." हे 'हो' लिहायचं की 'नाही', मला कळेना. आणि एकटं तर कोणी सापडतच नसे. एकाला विचारावं तर शेजारी ओट्यावरून उत्तर देई, "त्याले काय विचारता? मले विचारा, मी रोज पाहून राहिलो."

हे सगळं मी वहीत टिपत होतो. मॅडमना ते हवंच होतं.

तो मुलगा मला गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात भेटला. गावाबाहेर तळ्याच्या पाळीला लागून मोकळी जागा आहे. तिथे पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. थंडीचे दिवस होते. तळ्यावर धुकं, बाजूला धानाच्या तणसाची शेकोटी, आणि धावून आलेल्या पोरांच्या अंगातून वाफ निघत होती. तो माझ्याच वयाचा, थोडा मोठाच. पुलियावर, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून त्याने खिशातून खर्र्याची पुडी काढली, घोटली आणि माझ्यापुढे धरली.

"घे भाऊ."

"नाही, मी खात नाही."

"गोंदियात शिकते आन् खर्रा खात नाही? कायचं शिकणं बे ते?" बाजूची पोरं हसली. "बरं, खर्रा धरता का तुमच्या नशेत?"

"तंबाखूचे प्रश्न वेगळे आहेत. हे दारू, गांजा, गोळ्या, इंजेक्शन यांचे आहेत."

"मंग मी साफ आहो. लिही."

मी बाकीच्यांना जरा लांब जायला सांगितलं. नियमच होता तसा. पोरं लांब गेली, तसा तो बदलला. दारूच्या प्रश्नांना पटापट 'नाही' म्हणाला. डॉक्टरांनी न दिलेल्या औषधांच्या प्रश्नावर थांबला. तळ्याकडे पाहू लागला.

"कोणाले सांगशीन?"

"कोणालाच नाही. कागदावर नावसुद्धा नसतं."

मग तो बोलला. मागच्या वर्षी धावताना पायाची नळी दुखायला लागली. मेडिकलमधून गोळी घेतली. गोळीने भागेना, तर भंडाऱ्याकडच्या एका धावणाऱ्याने कॅप्सूल दिली. ती घेतली की दुखणं नाही, थकवा नाही, भीतीही नाही. आता दुखत नसलं तरी लागते. नाही घेतली तर घाम सुटतो, झोप येत नाही, हात कापतात. गेल्या वेळी सोळाशे मीटरला थोडक्यात राहिला होता. यंदाचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, शेवटचं, त्यानंतर वय निघून जाणार.

मी गुण जोडले. त्या गावात एवढी बेरीज दुसऱ्या कोणाची आली नव्हती.

आमच्या प्रशिक्षणात गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या कॅप्सुलांबद्दल बजावून सांगितलं होतं. जास्त घेतल्या तर झटके येऊ शकतात. मनाने एकदम बंद केल्या तरी शरीर बिथरतं. कोणी असं सांगितलं तर 'सोडून दे' म्हणून परत यायचं नाही, दवाखान्यात यायला सांगायचं. मी त्याला झटक्यांचा धोका सांगितला, दवाखान्याचा वार सांगितला, खोली सांगितली, तिथे कोणी काही विचारत नाही म्हणालो.

"ग्राउंड झाल्यावर येतो," तो म्हणाला.

"आधी ये."

"पाहतो ना."

उठताना मी सगळ्यांना देत होतो तशी त्यालाही एक चिठ्ठी दिली. तिच्यावर फक्त एक नंबर होता. दुसऱ्या फेरीत दोन्ही कागद जुळवायचे, पण नाव कुठे यायला नको, म्हणून ही सोय. "जपून ठेव," मी म्हणालो. त्याने ती घडी करून मोज्याच्या आत ठेवली.

दोन आठवड्यांनी मी परत गेलो. शेकोटी तशीच पेटलेली होती. मला पाहताच पोरं गप्प झाली. एकाने तोंड फिरवलं. दुसरा मोठ्याने म्हणाला, "आले साहेब, चेस्ट नंबरवाले."

मला काही समजलं नाही. मी त्या मुलाला हाक मारली. तो आला, पण पुलियावर बसला नाही. उभ्याउभ्या म्हणाला, "विचार."

मी विचारत गेलो. दारू? नाही. गांजा? नाही. डॉक्टरांनी न दिलेली औषधं?

"नाही."

"मागच्या वेळी तू..."

"मागच्या वेळी काय? मी काईच नाही बोललो. नाही म्हणजे नाही. लिही."

मी लिहिलं. पुढेही सगळं 'नाही'. शेवटी त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्या कागदावर ठेवली.

"हे घे तुझ्याच जवळ ठेव."

"काय झालं? मला सांग तरी."

तेव्हा तो चिडला. "नंबर कायले देल्ला तू आमाले? नाव नाही म्हनतेस, आन् नंबर देतेस! ग्राउंडवर पोलीस काय नावानं बोलावतेत? छातीवर नंबर लावतेत, नंबरानं बोलावतेत, नंबरानंच बाहेर काढतेत. तुह्या कागदावर नंबर आन् नशा दोन्ही लिहिले. आता व्हेरिफिकेशनले तेच निघन."

मागून एक जण म्हणाला, "माह्या चिठ्ठीवर तं मागच्या साली फेल झालेल्याचाच नंबर हाये. मुद्दाम देल्ला बे यानं!"

मी समजावून पाहिलं. हे नंबर कॉलेजने टाकलेत, पोलिसांचा काही संबंध नाही, यादी मॅडमच्या कपाटात बंद असते. जितकं जास्त बोललो तितकं ते खोटं वाटत गेलं. मलाच माझा आवाज चौकशीवाल्यासारखा वाटू लागला. ज्याच्या आयुष्यात नंबर फक्त एकाच ठिकाणी मिळतो, त्याला मी नंबर दिला होता आणि घाबरू नको म्हणत होतो.

त्याच्या ओठाच्या कडेला सुकलेलं रक्त होतं. मी विचारलं तर म्हणाला, "बांधावर घसरलो." आणि धावायला निघून गेला.

मॅडमच्या टेबलावर मी दोन्ही कागद ठेवले. एकावर मोठी बेरीज, दुसऱ्यावर शून्य. 

मी म्हणालो, "मॅडम, तक्त्यात हे आलं तर वाटेल की प्रश्न कच्चे आहेत. प्रश्न कच्चे नाहीत. पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं."

"आणि दुसऱ्यांदा का नाही सांगितलं?"

मी नंबरांचं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मग हाही मोजमापाचाच दोष आहे. प्रश्न म्हणजे फक्त कागदावरची वाक्यं नाहीत. कोण विचारतो, कुठे विचारतो, हातात काय देतो, सगळं आलं त्यात. हे अहवालात जाईल." मग त्या म्हणाल्या, "पण तू एवढ्यासाठी आलेला नाहीस."

मी रक्ताबद्दल सांगितलं.  झटका आला की जीभ चावली जाते, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ग्राउंड पुढच्याच आठवड्यात होतं.

मॅडमनी नाव न घेता डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, त्याला ग्राउंडच्या आधी आणा, त्या दिवशी त्याने जास्त घेतल्या तर काहीही होऊ शकतं. पण आणायचं कसं? घरी सांगावं तर मी दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर तो धावणार. मी मॅडमना विचारलं की त्याच्या आईला सांगू का. मॅडम म्हणाल्या, "आधी त्याला विचार. जिवावर बेतलंय असं दिसलं तर आपण घरी सांगू, पण तेही त्याला सांगूनच. त्याच्या पाठीमागे नाही." मग त्यांनी त्याचे दोन्ही कागद एका पाकिटात घातले आणि माझ्या हातात दिले. "हे त्याचे आहेत. नको असेल तर माघार घ्यायचा हक्क त्याला पहिल्यापासून आहे. कपाटातल्या यादीतला त्याचा नंबरही मी खोडते. तक्त्यातून एक माणूस कमी झाला तरी चालेल."

मी दुपारच्या एसटीने गेलो आणि विचारत विचारत त्याचं घर गाठलं. घरी त्याची आई एकटीच होती, अंगणात लाखोळीच्या शेंगा झोडपत होती. तो गोरेगावच्या बाजाराला गेला होता. तिने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"काऊन आला बाबू? भरतीचं काई हाये का?"

"नाही मावशी. कॉलेजचं काम होतं."

"कॉलेजचं काम असन तं तोंड असं कायले करून बसला?"

 ती शेंगा झोडपायची थांबली. म्हणाली, "माहा पोरगा काई बोलत नाही. जेवत नाही. रात्री अंगनात चकरा मारते. मी म्हनतो ग्राउंडची धास्ती असन. तुले काई माहीत हाये का?"

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. "त्याला भेटून जातो," एवढंच म्हणालो. तिने मुलाचा फोन नंबर मला दिला आणि माझा मोबाइल नंबर कोळशाने भिंतीवर लिहून घेतला. त्या भिंतीवर आधीच बरेच नंबर होते, ट्रॅक्टरवाल्याचा, गॅसवाल्याचा, गोंदियाच्या मामाचा. तिला माझ्या नंबरची भीती वाटली नाही.

तो संध्याकाळी आला. मला पाहून सायकल तशीच वळवणार होता. मी धावत जाऊन हँडल धरलं. तळ्याच्या पाळीवर आम्ही उभे राहिलो. मी पाकीट पुढे केलं.

"हे तुझे कागद. दोन्ही. दुसरीकडे कुठेच काही लिहिलेलं नाही. फाडून टाक."

त्याने ते उलटसुलट पाहिले. नाव शोधत होता बहुतेक. मग फाडले, आणखी फाडले, आणि तुकडे खिशात घातले. तळ्यातसुद्धा टाकले नाहीत.

"झटका म्हणजे कसा येते?" त्याने अचानक विचारलं.

मी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. ऐकता ऐकता तो खाली बसला.

"मंग दोनदा आला," तो म्हणाला. "एकदा बांधावर. एकदा घरी, आई पान्याले गेली होती तवा."

"उद्या चल माझ्यासोबत."

"ग्राउंड?"

मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "तू कॉलेज शिकून राहिला. तुले दुसरं बी काही भेटन. मले हेच एक हाये. त्या दिवशी दोन जास्त घेतो, धावतो, मंग तू म्हनशीन तिथं येतो."

"दोन जास्त घेतल्यास तर येशील की नाही, तेच सांगता येत नाही." हे मी फार मोठ्याने बोललो. पाळीवरून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. मी आवाज खाली केला. "आईला सांग. तू सांग. नाहीतर तुझ्यासमोर मी सांगतो."

"तू नको सांगू." तो उठला. "मी पाहतो."

"कधी?"

"आज सांगतो म्हनलं ना!"

तो सायकल घेऊन घराकडे गेला. दार लागेपर्यंत मी पाळीवरून पाहत होतो. शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघालो, पण सगळ्या रस्त्याने वाटत राहिलं की मी उतरून परत जावं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. मी मॅडमना विचारलं की आता काय करायचं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की असा कोणी मुलगा आला का. डॉक्टर म्हणाले, "कोण आलं, कोण नाही, मी सांगणार नाही. तुम्हीच पोरांना हे शिकवता ना?" मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहेत ते." मलाही ते बरोबर वाटलं, आणि रागही आला.

ठरलं की ग्राउंडच्या आदल्या दिवशी मी पुन्हा जायचं. गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मायलेक सकाळीच गेले. ग्राउंडलेच गेले असतीन, का मामाकडे. मले काई बोलले नाही." तळ्याच्या पाळीवर कोणी नव्हतं. सगळी पोरं गाडी करून निघून गेली होती.

ग्राउंडच्या दिवशी मी वर्गात बसलो होतो, पण काही ऐकू येत नव्हतं. दुपारी एका मित्राने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. धावणाऱ्यांतला एक जण शेवटच्या वळणावर कोसळतो, पाय घासतो, लोक धावतात. चेहरा दिसत नव्हता. अंगात निळी बनियन. त्याच्याकडेही निळीच होती. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. छातीवरचा नंबर दिसत होता, पण त्याचा नंबर मला माहीत नव्हता.

मी त्याला फोन लावत राहिलो. बंद. गोरेगावच्या एका ओळखीच्याला विचारलं, तो म्हणाला, "आपल्याकडचाच कोणी पडला म्हनतेत. नाव नाही समजलं." मी बस स्टँडवर येऊन बसलो, कुठे जायचं ते न ठरवता. एक एसटी गेली. दुसरी लागली.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडे खूप गलका होता, भांड्यांचा आवाज, कोणीतरी नर्सला हाक मारत होतं. मग त्याच्या आईचा आवाज आला.

"बाबू, मी बोलतो. भिंतीवरचा तुहा नंबर कागदावर उतरवून आनला होता. कालपासून आमी गोंदियातच हावो, मोठ्या दवाखान्यात. त्यानं मले सारं सांगतलं. डॉक्टर म्हनते बरं झालं आनलं. काल रात्री इथंच झटका आला त्याले, पन डॉक्टर जवळ होते. आता उठून बसला, चहा मांगून राहिला. आज ग्राउंड होतं म्हनून लय रडला सकाळी. तू येतेस का एखादा घंटा? तो तुले इचारून राहिला."